बसलेल्याला न उठवता सामान निघायला हवं: कॅम्परच्या बाकांची नवी मांडणी

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात नाशिकहून कच्छला जाऊन आलो. सापुतारा, सुरत, अहमदाबाद, भुज, धोरडो आणि येताना द्वारका, सोमनाथ. १९ दिवस, चार माणसं: मी, नवरा, मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे. गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेसची, जुनी घेतलेली. आधीच्या मालकांनी ती रीतसर कॅम्पर म्हणून नोंदवली होती. आरसीवर चालकासह पाच आसनं आहेत: पुढे दोन आणि त्यांच्यामागे समोर तोंड करून तिघांचं पट्टेवालं बाक. त्याच्याही मागे समोरासमोर दोन लांब बाकं. रात्री मध्ये फळी टाकली की त्यांचा पलंग होतो.

धोरडोला रात्री दोन वाजता सासऱ्यांना दम लागला. ते पुढच्या बाकावर झोपले होते, आम्ही तिघं मागे पलंगावर. त्यांचा पंप औषधांच्या पेटीत, पेटी डाव्या बाकाच्या पोटात, बाकावर झाकण, झाकणावर गादी आणि गादीवर आम्ही. आधी मुलीला उठवलं, मग पांघरुणं पुढे फेकली, मधली फळी काढली, गादी दुमडली, नवऱ्याने झाकण डोक्यावर पेललं आणि मी टॉर्च दातात धरून पेटी शोधली. सात-आठ मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ ते पुढच्या सीटचा दांडा धरून वाकून बसले होते. पंप घेतल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं त्यांना. मला मात्र सकाळपर्यंत झोप लागली नाही.

त्या गाडीत जागा कमी नव्हती. बाकांच्या पोटात दोन कपाटांइतकं सामान मावत होतं. पण जे हवं ते काढायचं तर बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाला उठवावं लागायचं. साठवण वरून उघडत होती आणि वरती तर सतत माणूस. मग रोजचं सामान बाकात जाईचना, ते वाटेत पिशव्यांमध्ये साचायचं. कोणी चहा करायला उठलं की पिशव्या पुढे, कोणी आत आलं की पिशव्या मागे.

घरी आल्यावर ठरवलं, दोन्ही बाकं मधल्या वाटेकडून उघडणारी करायची. पट्टेवाल्या तीन जागांना हात लावायचा नाही, कारण गाडी धावताना माणसं तिथे बसतात. मागची बाकं फक्त गाडी उभी असताना बसायची, त्यामुळे बदल तिथेच.

महिनाभर ड्रॉवर की झडप यावर खल चालला होता. उत्तर सापडलं पिंपळगाव बसवंतला, टोमॅटोच्या लिलावात. नवऱ्याच्या मित्राकडे गेलो होतो. तिथे २० किलोच्या जाळ्यांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या क्रेटच्या, थप्प्या लागलेल्या, माणसं त्या धडाधड टेम्पोत सरकवत होती. हाताला खाच आहे, हवा खेळते, धुता येते, बाहेर काढून थेट झाडाखाली नेता येते. ड्रॉवर बनवायचाच कशाला? जाळी हाच ड्रॉवर, आणि बाकाचं माप जाळीवरून काढायचं.

आमच्या जाळीचं बाहेरचं माप ५४ × ३६ × २९ सेंमी. बाकाची उंची अशी बसवली: खालचा पाईप अडीच, जाळी २९, वर मोकळी जागा तीन, वरचा पाईप अडीच, प्लाय १.२ आणि गादी सात. बेरीज ४५ सेंमी, खुर्चीइतकी. खोली ५८ ठेवली. एवढ्या खोल बाकावर पाय लोंबकळतात, पण पाठीला १० सेंमीची उशी लावल्यावर बसायला ४८ उरतात. रात्री उशी काढली की पुन्हा ५८. गाडी आतून १७० आहे, म्हणजे मधली वाट ५४ सेंमीची. बाकाची लांबी १९०. त्यातले ७९ सेंमी मागच्या चाकाच्या घुमटापाशी गेले, उरलेल्यात तीन जाळ्या. दोन्ही बाजूंच्या मिळून सहा. घुमटाभोवतीच्या वाकड्यातिकड्या जागेत दोर, हवेचा पंप, ताडपत्री.

पहिली चाचणी दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याला. तिथे चूक कळली. जाळ्या नुसत्या सरकवून ठेवल्या होत्या. ब्रेक लागला की त्या जाळ्यांमधल्या आडव्या फळीवर टेकतात, हलत नाहीत, कारण तोंड वाटेकडे आहे. पण घाटातल्या दुसऱ्याच वळणाला स्वयंपाकाची जाळी सरसर बाहेर आली आणि तेलाची बाटली फुटली. मग तोंडाशी दोन सेंमी उंचीची पट्टी मारली. आता जाळी जरा उचलून ओढावी लागते. वरची तीन सेंमी मोकळी जागा त्यासाठीच आहे. शिवाय प्रत्येक तोंडावर बॅगेला असतं तसं क्लिक बक्कल लावलेला आडवा पट्टा. त्यानंतर कसारा घाट दोनदा झाला, काही हललं नाही.

ॲल्युमिनियमचं काम अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, प्लाय आणि गाद्या घराजवळ. मजुरीसह ३४,००० रुपये लागले. पुढचा बेत मे महिन्यात स्पितीचा आहे, म्हणून जाणकारांनी यात खोट काढावी ही मनापासून विनंती.

सुतारपक्षी

ताई, आधी वाखुसा (वाचनखूण साठवली). फर्निचरमध्ये २२ वर्षं काढली, पण जाळीच्या मापाने बाक हे सुचलं नव्हतं.

शंका एकच. वर १२ एमएम प्लाय, खाली मोकळं. तीन माणसं बसली तर झोळ येईल. आडवे पाईप किती अंतरावर आहेत? ४० सेंमीच्या आत हवेत. आणि प्लाय कोणता? साधा कमर्शियल असेल तर दोन पावसाळ्यांत कडा फुगतील. आयएस ७१० शिक्क्याचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा, घ्यायचा आणि कापलेल्या कडांना प्रायमर पाजायचा. लोक पृष्ठभाग रंगवतात नि कडा विसरतात. पाणी कडेतूनच शिरतं.

गोदाकाठ

आडवे पाईप जाळ्यांच्या मधोमध येतात, दर ३७ सेंमीवर. प्लाय ७१० चाच आहे. कडांना काहीच लावलेलं नाही. या रविवारी लावते, आभार.

घाटवाट

मांडणी आवडली, तरी विचारतो. औषधं चालकाच्या मागे एका पिशवीत टांगली असती तर हा सगळा खटाटोप लागला असता का?

गोदाकाठ

घाटवाटदादा, प्रश्न रास्त आहे. औषधांची पिशवी आता सासऱ्यांच्या हाताशीच टांगलेली असते आणि कुठलाही बदल झाला तरी ती तिथेच राहणार. ते तर दुसऱ्याच दिवशी भुजला केलं.

पण त्या रात्रीनंतर मी लक्ष ठेवलं. उरलेल्या दहा दिवसांत कोणाला तरी उठवून झाकण उघडण्याची वेळ २३ वेळा आली, मी वहीत खुणा केल्या होत्या. पहाटे थंडी वाढली म्हणून जादा रजई. मुलीचे कोरडे मोजे. सोमनाथच्या वाटेवर पंक्चर झालं तेव्हा जॅक. सासऱ्यांना दुपारी आडवं व्हायचं असतं, नेमका तेव्हाच डबा हवा असतो. दर वेळी ते "उठतो की" म्हणायचे आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायचे. मला ते बघवत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यायचं तर त्याला आपण अडचण आहोत असं वाटता कामा नये, आणि त्यांना ते वाटायला लागलं होतं.

पाना_दहाबारा

मी गॅरेजवाला, सातपूरला. बाक जमिनीला कसं बांधलंय ते लिहिलं नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

२० किलो भरलेली जाळी घ्या. गाडी ताशी ६० किलोमीटरला आहे आणि ठोकर बसून एका मीटरमध्ये थांबली. हिशोब केला तर त्या जाळीचा धक्का साधारण २८० किलोचा. एका बाजूला अशा तीन. तो सगळा भार आडव्या फळ्यांवर, फळ्यांचा फ्रेमवर आणि फ्रेमचा जमिनीच्या बोल्टवर येतो. पत्र्यात मारलेले सेल्फ स्क्रू असल्या वेळी सरळ उपटून येतात. आणि ते सामान जाणार कुठे, तर पुढच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या पाठीत.

म्हणून आठ एमएमचे आरपार बोल्ट, पत्र्याखाली हाताच्या तळव्याएवढी तीन-चार एमएमची पट्टी आणि नायलॉक (धक्क्यांनी सैल न होणारे) नट. भोक पाडायच्या आधी गाडीखाली झोपून बघायचं. डिझेल टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग तिथूनच जातं. ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट टेकवू नका, मध्ये रबराची चकती घाला, नाहीतर ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजतं.

फ्रेम वेल्ड केली की बोल्टची? ॲल्युमिनियमचं वेल्डिंग खडबडीत रस्त्यावर जोडापाशीच तडकतं. स्पितीला जाताय म्हणून विचारतो.

गोदाकाठ

फ्रेम बोल्टचीच आहे, कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या. आधीच्या मालकांचेच जमिनीतले आरपार बोल्ट होते, बाजूला सहा-सहा, त्यावरच बसवली. खाली पट्टी आहे की नुसता वायसर, ते पाहिलेलं नाही. उद्याच बघते.

पाना_दहाबारा

वायसर असेल तर बदला. बाजूला सहा बोल्ट पुरेसे आहेत.

वजनाचं लिहा. बहुतेकांची गाडी तिथेच फसते.

गोदाकाठ

वजनाचा तर मला फार आनंद आहे! आधीचं फर्निचर १८ एमएम प्लायचं होतं, वर सनमायका. साडेचार शीट निघाले, म्हणजे दीडशे किलोच्या वर. नव्यात २५ × २५ चा दोन एमएम जाडीचा ॲल्युमिनियम पाईप ३४ मीटर. मीटरला अर्धा किलो धरला तर १७ किलो. हाच पाईप लोखंडी घेतला असता तर ४९ झाला असता. प्लाय दीड शीट, ते तीसेक किलो. गाद्या सोडून सगळं मिळून पन्नाशीत.

आडगावच्या काट्यावर आधी आणि नंतर दोन्ही वेळा वजन केलं. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत होते, तरी काटेवाल्यांनी आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाकं असं वेगळं करून दिलं. मागच्या चाकांवरचा भार ११० किलोने कमी झाला. त्यातला काही भाग पाण्यामुळे. पूर्वी ४० लिटर पाणी अगदी मागच्या दाराशी असायचं, ते आता चाकांच्या पुढे, पहिल्या जाळीच्या जागी घेतलं.

पाना_दहाबारा

हे उत्तम केलंत. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं वागतं, पुढची चाकं हलकी करतं आणि चढाला स्टिअरिंग पोकळ लागतं. जड ते खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते, माणसं आणि पाणी भरून त्याच्या आत राहा.

वणीची_लेक

माझी १२ आसनी ट्रॅव्हलर आहे, भावाने पूर्वी शाळेसाठी चालवली. मागच्या दोन रांगा काढून असंच करावं म्हणते. सीट चार बोल्टवर तर असते, दुपारभरात निघेल.

पाना_दहाबारा

ताई, निघेल दुपारभरात. पण आरसीवर आसनसंख्या लिहिलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. आधी पेठ रोडला आरटीओत अर्ज, मग पाना हातात. तुमची गाडी शाळेच्या परवान्यावर असेल तर तोही विषय निघेल. मोटार कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. गाडी कॅम्पर म्हणून करून घ्यायची असेल तर ते माहीत असलेल्या माणसाकडेच द्या. विमा कंपनीला लेखी कळवा. अपघात झाला आणि सर्व्हेअरला १२ ऐवजी सहाच सीट दिसल्या, तर भांडण तिथूनच सुरू होतं.

गोदाकाठताईंचं सोपं गेलं, कारण त्यांनी आरसीवरच्या पाच जागा होत्या तशाच ठेवल्या.

घाटवाट

मागच्या लांब बाकांवर गाडी चालू असताना कोणी बसत नाही, हे खरंच पाळता का? आमच्याकडे मुलं ऐकत नाहीत, आडवी पडतात.

गोदाकाठ

पाळतो. यावर माझ्याकडे तडजोड नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरत नाही. मुलगी १६ वर्षांची आहे, तिला झोप आली तर आम्ही गाडी थांबवतो. दर दोन तासांनी थांबायचंच असतं, सासऱ्यांचे पाय मोकळे करायला.

द्राक्षबाग

मी निफाडचा, टोमॅटो आणि द्राक्षं दोन्ही. ताई, आमची जाळी गाडीत बघून बरं वाटलं.

दोन गोष्टी सांगतो. बाजारातल्या जुन्या जाळ्या घेतल्या असतील तर त्यांच्यावर फवारणीचे अंश असतात. साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, ब्रशने घासा आणि मगच वापरा. भाजी-भाकरी तरीही डब्यात किंवा फडक्यात, थेट जाळीत नाही. स्वयंपाकासाठी नवीच जाळी घ्या.

दुसरं, ऊन. शेतात बांधावर वर्षभर पडलेली जाळी ठिसूळ होते, कोपरा धरून उचलली की तुकडा हातात येतो. घेताना कोपरे दाबून बघा. रंग पांढुरका पडला असेल तर सोडून द्या.

गोदाकाठ

फवारणीचा विचार डोक्यातच आला नव्हता! सहाही जुन्या आहेत. स्वयंपाकाची उद्या बदलते, बाकीच्या धुऊन काढते. मनापासून आभार, दादा.

इगतपुरीकर

जुलैत आमच्याकडे या म्हणजे कळेल, बंद बाकात काय होतं ते. माझ्या व्हॅनमध्ये झाकणवाली बाकं होती. एका पावसाळ्यात चादरींना बुरशी आणि प्लायला खालून काळे ठिपके. झोपलेल्या माणसांच्या श्वासाची वाफ गादीखाली गार प्लायवर जमते. शेवटी सुताराने बिजागरीच्या ३५ एमएम बिटने प्लायला हातभर अंतरावर भोकं पाडून दिली. त्यानंतर त्रास नाही. तुमचं तोंड मोकळं आहे, जाळीला भोकं आहेत, तेव्हा खालून हवा खेळेल. पण गादीखालच्या प्लायला भोकं पाडाच.

सुतारपक्षी

अनुमोदन. भोकं आडव्या पाईपांवर येणार नाहीत हे बघा आणि भोकांच्या आतल्या कडांनाही प्रायमर.

रानवाट_मीना

माझ्या मनात गॅसचा पाच किलोचा सिलिंडर बाकाखाली एका जाळीच्या जागी ठेवायचं होतं. उंचीत बसणार नाही, पण बाक उंच करता येईल. कसं वाटतं?

पाना_दहाबारा

नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जाऊन वास येईपर्यंत खाली जमिनीलगत साचत राहतो, आणि तुम्ही त्यावर झोपलेल्या. ठेवायचाच असेल तर आतल्या बाजूने पूर्ण बंद कप्पा, दार फक्त बाहेरून आणि तळाशी गाडीखाली उघडणारं भोक. ते भोक कधीही झाकलं जाता कामा नये. बॅटरीचंही तसंच. पाण्याची लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती बंद बाकात नको.

गोदाकाठ

मीनाताई, आमचा छोटा सिलिंडर मागच्या दाराबाहेरच्या पेटीत असतो, शेगडी जाळीत. स्वयंपाक झाडाखाली. पाऊस असला तर गाडीत फक्त इंडक्शनवर चहा-खिचडी. लिथियम फॉस्फेटची १०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. कागदावर १२८० वॉट-अवर होतात. चौघांची खिचडी आणि दोन वेळचा चहा होऊन पंख्यापुरती शिल्लक राहते. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा करू नये.

ईको_भटके

ईकोवाल्यांनी काय करावं? पाच आसनी, सीएनजी. आम्ही दोघंच असतो.

पाना_दहाबारा

ईकोत पुढच्या सीटखाली इंजिन आहे, तिथे काही कोंबू नका, तापतं. सीएनजीची टाकी मागे आहे. तिच्यावर कायमचं फर्निचर ठोकू नका. व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचला पाहिजे आणि दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी ती उतरवावी लागते. जे कराल ते चार बोल्ट काढून उचलता येईल असं करा. मागच्या सीटचं माप आणि पट्टे जसेच्या तसे.

ईको_भटके

समजलं. टाकीच्या आजूबाजूला एक-दोन जाळ्या मावतील असं वाटतं. पण कालच दुकानात पाहिली ती जाळी ६० × ४० ची निघाली, ताईंच्या मापाची नाही.

गोदाकाठ

मापं वेगवेगळी मिळतात. द्राक्षांची वेगळी, टोमॅटोची वेगळी, दुधाच्या पिशव्यांची आणखी वेगळी. म्हणून आधी जाळ्या विकत आणा, लागतील त्यापेक्षा दोन जास्त, सगळ्या एकाच मापाच्या. रिकाम्या जाळ्या गाडीत मांडा, मध्ये बसून बघा, दार लावून बघा. त्यानंतरच प्लायला करवत लावा. आम्ही आठ आणल्या होत्या. जास्तीच्या दोनपैकी एकीत सासऱ्यांनी गच्चीवर कोथिंबीर लावली आहे, दुसरी सांभाळून ठेवली आहे.

आणि पाना_दहाबारा, आज गाडीखाली झोपून पाहिलं. १२ पैकी चार बोल्टांना नुसते वायसर होते. शनिवारी सातपूरला गाडी घेऊन येते, पट्ट्या तुमच्याकडेच टाकून घेऊ. सकाळी दहापर्यंत चालेल का?

पाना_दहाबारा

नऊला या. गाडी गार असताना खाली काम करायला बरं पडतं. जाळ्या काढून रिकामी आणा.